गर्दीतले अब्बा

आठवीच्या वर्गात आम्ही एका छायाचित्राची छापून आणलेली प्रत फिरवली. मुंबईचे चर्चगेट स्टेशन, साल 1995. छायाचित्रकार ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो. लोकलगाड्या उभ्या आहेत आणि फलाटावरून माणसांचा लोंढा चालला आहे. गाड्या ठळक, माणसे मात्र धुरासारखी पुसट.

"सर, फोटो हललाय," पहिल्या बाकावरून निकाल आला.

हलला नाही, बेटा. कॅमेरा स्थिर ठेवून शटर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवले, की उभे असते ते स्पष्ट उमटते आणि चालते असते ते ओघळते. साल्गादो मुळात अर्थशास्त्र शिकलेले. पोटासाठी घरदार सोडणाऱ्या माणसांची छायाचित्रे काढत ते कितीतरी देश फिरले. हे त्याच कामातले. असे चित्र आधी हात लांब करून पाहावे, मग जवळ आणावे. रंग नसल्याने नजर कुणाच्या साडीवर किंवा शर्टावर अडकत नाही, थेट चालीवर जाते.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "एवढ्या लोकांना त्यांनी विचारलं होतं का?"

प्रश्न रास्त होता. न विचारता बाईमाणसाचा फोटो काढलेला आपल्या घरांत चालत नाही, चालूही नये. रस्त्यावरच्या छायाचित्रांचे कौतुक करताना ही बोच आमच्याही मनात असते. या चित्रात चेहरेच ओळखू येत नाहीत, असे आम्ही सांगितले. तिला ते अर्धेच पटले असावे.

संध्याकाळी प्रत अम्मींना दाखवली. त्या काळात अब्बा मुंबईत शिलाईच्या कारखान्यात होते. याच लाइनने रोजची ये-जा. गावी मनीऑर्डर वेळेवर यायची, पण मुंबईतला त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आहे तो मतदार ओळखपत्रावरचा, त्यातही डोळे मिटलेले.

अम्मींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"यात ते कुठे दिसणार, अम्मी?"

त्यांनी एका पुसट आकृतीवर बोट ठेवले. "हे असतील. असेच पुढे झुकून चालायचे. गाडी सुटेल म्हणून."

आम्ही काही बोललो नाही. प्रत शाळेत परत न्यायची होती, ती राहिली. आता ती अम्मींच्या उशाशी, तसबीहच्या डबीखाली असते.