भावांनो, पेट्रोल राहू दे!

थर्टी फर्स्टला गच्चीवर बार्बेक्यू ठरतो. चिकन मॅरिनेट, कोळसा हजर. पेटवायचा कशानं, हे मात्र कुणीच ठरवलेलं नसतं. मग बाईकमधलं पेट्रोल निघतं. पेट्रोलची वाफ पेट घेते, त्यामुळं विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर ओतलं की जाळ थेट हातातल्या बाटलीपर्यंत येतो. रॉकेल इतकं भडकत नाही, पण चिकनला वास मारतो तो मारतोच. अरे, आपण गुऱ्हाळांच्या मुलखातले! काहिलीखाली वाळलेलं चिपाडच जळतं ना? मूठभर चिपाड, नाहीतर नारळाच्या शेंड्या, मध्ये गोडेतेलात भिजवलेला कापूस, वर कोळशाचा ढीग. काडी खालून लावा. कोळशावर राखेचा पांढरट थर यायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर कांदा चिरून घ्या.