उकळून प्या, म्हणे!

जानेवारी २०२५. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात धडधाकट माणसं आधी जुलाबाने आडवी झाली, मग काहींच्या पायांतलं बळच गेलं. कुणाच्या हातात चमचा धरवेना, कुणाला श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. गुइलेन-बॅरे सिंड्रोम हे नाव लोकांना नीट उच्चारता येईपर्यंत पुणे परिसरातल्या रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. नांदेडच्या विहिरीत धरणाचं पाणी येई, त्यात क्लोरीन पडे आणि ते नळाला जाई. मध्ये शुद्धीकरण प्रकल्प नव्हता. नांदेड-किरकटवाडी २०२१ मध्ये शहरात गेली, प्रकल्प मागेच राहिला.

आणि सूचना काय? पाणी उकळून प्या.

मुळशीतल्या आमच्या रिह्यापासून हे नांदेड फार लांब नाही, आणि ही सूचना तर दर पावसाळ्यात रिहे खोऱ्यातही ऐकू येते. साथीच्या चार दिवसांत तिला कुणी नावं ठेवणार नाही. पण तीच बारमाही धोरण झाली, की हिशेब मांडावा लागतो. पाच माणसांच्या घरात रोज दहा लिटर पाणी उकळायला साधारण सव्वाशे ग्रॅम गॅस जळतो. वर्षाला पंचेचाळीस किलो, म्हणजे तीन सिलिंडर संपून वर थोडा. टाकीतल्या स्वच्छ पाण्याला मात्र हजार लिटरमागे पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुरते. त्या घराच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याला अठरा ग्रॅम! अठरा ग्रॅमचं सार्वजनिक काम चुकलं, की पंचेचाळीस किलोंचा भुर्दंड चुलीपाशी उभ्या बाईच्या माथी. वर आजारी पडलं तर ठपकाही तिच्यावरच: उकळलं नसेल नीट.

बरं, उकळून तरी सुटका आहे का? दात घासायचं, कोथिंबीर धुवायचं पाणी कोण उकळतं? शेतातलं खत विहिरीत उतरलं तर त्यातलं नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटेल तसं उलट दाट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तिच्यावर गेलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

मूळ दुखणं पाइपात आहे. नळाला तासभर पाणी. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा. गटाराच्या कडेने गेलेल्या त्या पाइपाचा एखादा जोड फुटका असला, की बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिली बादली गढूळ येते ती अशी. बायका ती मुकाट्याने ओतून देतात. टाकीजवळची तपासणी मात्र उत्तम येते, कारण घाण टाकीच्या पुढे शिरलेली असते.

यावर कट्ट्यावरचे विद्वान म्हणतात, बापजाद्यांनी ओढ्याचंच पाणी प्यायलं, काय झालं त्यांना? काय झालं ते वेशीवरच्या मरीआईला विचारावं. पटकीने घरंच्या घरं रिकामी होत, म्हणून तर तिचा गाडा निघे. शिवाय त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला फार्महाऊसांचे सेप्टिक टँक नव्हते.

दुसरे म्हणतात, पाणी सगळेच पितात, मग एखाद्यालाच का होतं? कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबानंतर हा लकवा हजारांत एखाद्यालाच होतो, हे खरंच. पण त्या एकाचं इंजेक्शन वीस हजारांच्या घरात, आणि एका इंजेक्शनात भागत नाही. बाकीचे नऊशे नव्याण्णव जुलाबाने झोपलेले असतात. त्यांना कुणी मोजत नाही.

तिसरे जार विकत घ्या म्हणतात. सिंहगड रस्त्यावर त्याच साथीत खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही अयोग्य ठरलं आणि सुमारे तीस प्रकल्प बंद करावे लागले.

खोऱ्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत मागणी एवढीच हवी: पाण्यात क्लोरीन उरलाय का हे दाखवणारी ओटी टेस्ट टाकीपाशी नको, शेवटच्या नळावर, रोज, चार माणसांदेखत. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे. तारीख, वेळ आणि आकडा पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. ज्या दिवशी फळा कोरा, त्या दिवशी पाण्यात टीसीएल टाकणारा जलसुरक्षक कुठे होता आणि पोतं कधी संपलं, हे सभेत नाव पुकारून विचारावं.