भयाचा झटका आणि आपला संकोच

शरीराचे दुखणे चारचौघांत सांगावयास आपणांस लाज वाटत नाही. गुडघे धरले, साखर वाढली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, या वार्ता मंडळाच्या प्रत्येक उत्सवात प्रसादाच्या पानावर बसल्या बसल्या मोकळेपणाने सांगितल्या जातात. इतकेच नव्हे, तर दहा जण दहा औषधेही सुचवितात. परंतु मनाच्या दुखण्याचा विषय निघाला की पंगत एकाएकी मुकी होते. हे मौन विनयाचे नसून भीतीचे आहे, आणि त्याची किंमत आपल्याच घरातील माणसे मोजीत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा दुखण्यांपैकी एकाचाच विचार येथे करावयाचा आहे. त्यास इंग्रजीत ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात. मराठीत आपण भयाचा झटका म्हणू.

हा झटका येतो तो पूर्वसूचना न देता. माणूस बाजारात असो, मोटार चालवीत असो वा अंथरुणावर निजलेला असो, त्याची छाती अकस्मात धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, घाम फुटतो, हातपाय कापतात, बोटांना मुंग्या येतात, घशात काही अडकल्यासारखे होते, भोवळ येते. सभोवतालचे जग खरे नाही असे वाटू लागते. आता आपण मरणार किंवा आपणांस वेड लागणार, अशी त्याची खात्रीच होते. साधारणतः दहा मिनिटांच्या आत ही लाट शिगेला पोहोचते आणि मग हळूहळू ओसरते. ज्याने ती अनुभवली नाही त्याला ‘उगीच घाबरलास’ असे म्हणणे सोपे जाते. वस्तुतः ती छातीची धडधड खोटी नसते आणि तो घामही खोटा नसतो. खोटा असतो तो केवळ त्यातून काढलेला मरणाचा निष्कर्ष.

हे दुर्मिळ आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेत वर्षभरात शंभरांतील सुमारे अकरा प्रौढांना असा एखादा तरी झटका येतो. एखादा झटका आला म्हणजे रोग जडला असे नव्हे. परंतु झटके वारंवार येऊ लागले आणि पुढचा केव्हा येईल या धास्तीतच दिवस जाऊ लागले, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास विकार मानते. हा विकार या देशात शंभरांतील दोघातिघांना दर वर्षी असतो; पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो; आणि बहुधा ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

या झटक्याचे शास्त्र उलगडण्याच्या कामी ज्या दोन पुरुषांची नावे घ्यावी लागतात, त्यांपैकी एक आपल्या जुन्या बेटाचा आहे आणि दुसरा या नव्या भूमीत वाढलेला आहे. शार्ल एद्वार ब्राउन-सेकार हा शरीरशास्त्रज्ञ १८१७ साली पोर्ट लुईस येथे जन्मला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी काढून टाकल्यास प्राणी जगत नाही, हे त्याने १८५६ साली दाखवून दिले. संकटाच्या वेळी रक्तात उसळणारा अॅड्रेनलिन हा द्रव याच ग्रंथींतून येतो. पुढे वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने, ज्याचे शालेय शिक्षण आपल्या मिनेसोटातील सेंट पॉल येथे झाले होते, १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की संकट समोर येताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी एका क्षणात करते. हृदय वेगाने चालते ते स्नायूंना रक्त पुरविण्यासाठी, आणि श्वास वाढतो तो प्राणवायूसाठी. पायाशी साप निघाला असता याच व्यवस्थेने आपल्या पूर्वजांचे प्राण वाचविले असतील. भयाच्या झटक्यात साप नसतो, पण घंटा मात्र तीच वाजते.

त्यात श्वासाचा घोटाळा भर घालतो. श्वास अपुरा पडतो असे वाटून माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कर्बवायू प्रमाणाबाहेर कमी होतो, आणि भोवळ व मुंग्या येतात त्या त्यामुळेच. मग त्या भोवळीचीच भीती वाटून श्वास आणखी वाढतो. म्हणून अशा वेळी हवा अधिक ओढून घेण्याऐवजी श्वास सावकाश, लांबवीत सोडावा. प्राणायामाची आपली परंपरा येथे उपयोगी पडते. मात्र भस्त्रिकेसारखे वेगवान प्रकार त्या घटकेस करू नयेत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही आता सुचविला जात नाही.

झटका काही मिनिटांत जातो, परंतु त्याच्या मागे राहणारी भीती आयुष्य कुरतडते. ज्याला ४९४ क्रमांकाच्या महामार्गावर झटका आला, तो महामार्ग सोडून गल्ल्यांतून जाऊ लागतो. पुढे तो दूरच्या नोकरीस नकार देतो, मग मंदिरातील गर्दीही टाळतो, आणि अखेर इडन प्रेरीच्या लांबलचक हिवाळ्याचे निमित्त सांगून घरातच बसतो. प्रत्येक वेळी टाळल्याने क्षणभर सुटका वाटते. पण तीच सुटका मनाला शिकविते की ती जागा खरोखरच धोक्याची होती.

आता आपल्या संकोचाकडे वळू. तो आपल्यात कोठून आला याचा शोध घेणे मला अगत्याचे वाटते. रत्नागिरीच्या बाजूने मुंबई बंदरावर येऊन जे करारबद्ध मजूर मॉरिशसला उतरले, त्यांना एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी गमवावी लागे. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पाडले. अशा राजवटीत ‘माझे मन ठिकाणावर नाही’ असे कोण म्हणणार? दुःख गिळणे हेच तेथे शहाणपण होते. त्यात बो-बासँ येथील मनोरुग्णालयास ब्राउन-सेकारचेच नाव मिळाले. आणि ज्या नावाचा आपणांस अभिमान वाटावा, ते वडीलधाऱ्यांच्या मुखी दबक्या आवाजात उच्चारले जाऊ लागले.

तथापि आपल्या पूर्वजांनी केवळ सोसले, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ याच्या साहाय्याने ९,४०१ मजुरांनी आपल्या हालअपेष्टांचा अर्ज सादर केला. त्यामुळे १८७२ साली शाही चौकशी आयोग बेटावर आला, आणि १८७८ साली मजुरांचा कायदा नव्याने करण्यात आला. ज्यांना बोलणे सर्वांत धोक्याचे होते ते बोलले, म्हणून चौकशी झाली. ज्यांना बोलण्याने मजुरी गमवावी लागत नाही, अशा त्यांच्या पणतवंडांनी मात्र मौन पाळावे, ही गोष्ट त्यांना शोभेल काय?

काही श्रद्धाळू बंधुभगिनी म्हणतील की नामस्मरण असता वैद्याची गरज काय. नामस्मरणाने मनाला बळ मिळते, हे मी मानतो. परंतु गीतेचाच आरंभ पाहा. रणांगणावर अर्जुनाची गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग कापू लागले, धनुष्य हातातून निसटू लागले, मन भ्रमल्यासारखे झाले. आणि हे सर्व त्याने आपल्या सख्यास स्पष्ट शब्दांत सांगितले. अर्जुनास रोग झाला होता असे मी म्हणत नाही. माझे लक्ष वेधते ते पुढील गोष्टीकडे. भगवंतांनी प्रथम त्याची निर्भर्त्सना केली, दुर्बलता टाकून उठावयास सांगितले. पण तेवढ्याने अर्जुन उठला नाही. ‘लढणार नाही’ असे म्हणून तो स्वस्थ बसला. त्यानंतरच तो दीर्घ, धीराचा संवाद सुरू झाला. जेथे प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या एका फटकाऱ्याने भागले नाही, तेथे आपल्या ‘धीर धर, काही झालेले नाही’ या दोन शब्दांनी कसे भागावे?

शिक्षकाच्या व्यवसायात या संकोचाचे फळ नित्य दृष्टीस पडते. एखादी हुशार मुलगी जेवणाच्या सुट्टीत गर्दीच्या दालनात जाण्याचे टाळते, वरचेवर पोट दुखते म्हणून परिचारिकेच्या खोलीत जाऊन बसते, आणि मग सोमवारी शाळेतच येत नाही. आईवडिलांनी दोन वेळा रात्री रुग्णालयात नेलेले असते, हृदय निर्दोष ठरलेले असते, आणि ‘काही नाही’ या शब्दांनी त्यांचे समाधान झालेले असते. मुलीचे मात्र होत नाही. समुपदेशकाकडे पाठवू या, असे सुचविले की पहिला प्रश्न येतो: ‘हे कागदावर राहील काय? उद्या हिच्या लग्नाचे कसे?’ मातापित्यांची ही काळजी प्रेमापोटी असते, म्हणूनच तिचे उत्तर आदराने दिले पाहिजे. उपचारांची माहिती गुप्त राखण्याचे बंधन या देशात कायद्यानेच आहे. आणि लग्नात अडथळा यावयाचाच असेल, तर तो उपचार घेतलेल्या मुलीपेक्षा घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलीच्या लग्नात अधिक येईल.

मग करावे काय? छातीत कळ प्रथमच आली असेल तर ती भयाची की हृदयाची हे घरच्या घरी ठरवू नये. ९११ ला बोलवावे. आपल्या वंशाच्या लोकांत हृदयविकार अधिक आढळतो, म्हणून ही खबरदारी आवश्यकच आहे. हृदय व कंठग्रंथी यांची तपासणी निर्दोष निघाली म्हणजे काम संपले असे समजू नये. खरा उपचार तेथून सुरू होतो. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारावे की मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवाल काय. विचार व वर्तन यांना वळण लावणारी जी उपचारपद्धती आहे तिने या विकारात चांगला गुण येतो. तीत रुग्णास धडधडीचा खरा अर्थ शिकवितात, आणि टाळलेल्या जागी क्रमाक्रमाने परत नेतात. औषधेही आहेत; त्यांपैकी पुष्कळ औषधांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात, आणि ती आपल्या मनाने एकदम सोडू नयेत. तात्काळ गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची सवय जडते, हे ध्यानात ठेवावे.

जीव नकोसा झाला, किंवा संकटसमयी कोणाशी बोलावे हे सुचेना, तर ९८८ हा क्रमांक २०२२ पासून देशभर अहोरात्र उघडा आहे. हेनेपिन काउंटीचे संकटकालीन पथक घरी येऊन भेटते. शेजारच्या इडायना गावी साउथडेल रुग्णालयात २०२१ साली मनाच्या संकटातील रुग्णांसाठी स्वतंत्र, शांत विभाग उघडण्यात आला आहे. वडीलधाऱ्यांना इंग्रजीत मन उघड करता येत नसेल, तर रुग्णालयाकडे दुभाष्या मागावा. तो विनामूल्य देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. नातवाला दुभाष्या करू नये, कारण नातवादेखत आजी खरे सांगणार नाही.

अखेरीस मंडळास एक विनंती. गणेशोत्सवात आरती, भजन आणि आपली जुनी झाकरी यांना जसा वेळ असतो, तसा वर्षातून एक तास या विषयावरील जाणत्या डॉक्टरांच्या व्याख्यानास द्यावा. आणि ज्यांना एकट्याने दवाखान्यात जाण्याचे धैर्य होत नाही त्यांच्यासोबत जाणाऱ्या सभासदांची एक लहानशी यादी करावी. याला फार द्रव्य लागत नाही. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी बोटीवर परक्यांशी जहाजभाऊ म्हणून नाते जोडले, कारण त्या प्रवासात एकट्याने टिकाव लागत नव्हता. भीतीच्या समुद्रातही तो लागत नाही. विघ्नहर्ता गजानन आपणा सर्वांस तेच नाते पुन्हा जोडण्याची बुद्धी देवो.