वाद्यवृंदाचे चालक आणि वादक

वाद्यवृंदातील वादकांनी वेतनाचा प्रश्न काढला, की 'कलेच्या उपासकाने पैशाचा विचार करू नये' असा उपदेश तत्काळ ऐकू येतो. उपदेश करणारे गृहस्थ स्वतः मात्र महिन्याच्या महिन्याला वेतन घेत असतात! अशा तंट्यात वादकांच्या शिस्तीची चर्चा भरपूर होते. चालकांच्या जबाबदारीची क्वचितच.

पूर्वेच्या पाणीगेटापासून पश्चिमेच्या लेहरीपुरा दरवाजापर्यंत पसरलेल्या जुन्या बडोद्यात हा विषय फार पूर्वीच सरकारी दप्तरात आला होता. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत दरबारचे गवई, वादक आणि नर्तकी कलावंत खात्याखाली असत. (हा शब्द गोमंतकीय वाचकाच्या कानाला निराळा लागेल, बडोद्यात तो दप्तराचा होता.) १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि १८९९ मध्ये 'कलावंत खात्याचे नियम' छापले गेले. कलावंताची चाकरी लहरीवर न राहता नियमांत बसली, हा लाभ लहान नव्हे. परंतु नियम करणारे खाते आणि ते पाळणारे कलावंत, अशी ही एकेरी वाट होती. खालून वर जाब विचारण्याची सोय संस्थानी राज्यात असण्याचे कारणच नव्हते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो आश्रयही सरला.

लोकशाही देशांत तरी ही सोय आहे काय? अमेरिकेतील मिनेसोटा वाद्यवृंदाचे उदाहरण बोलके आहे. तेथील चालकांनी तूट दाखवून मोठी वेतनकपात मागितली, वादकांनी ती नाकारली, तेव्हा ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांच्यासाठी सभागृहाचे दरवाजे बंद झाले. त्याच सुमारास त्या सभागृहाच्या नूतनीकरणावर पाच कोटी डॉलर खर्ची पडत होते. पुढे मंडळाच्या सभांची इतिवृत्ते बाहेर आली. सरकारकडे निधी मागावयाच्या वर्षांत जमाखर्च जुळलेला दाखवावा आणि करार बदलावयाच्या सुमारास तूट दिसू द्यावी, असा बेत त्यांत स्पष्ट होता. संगीतसंचालक ओस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला. तडजोड झाली ती जानेवारी २०१४ मध्ये, आणि वादकांना पंधरा टक्के कपात सोसावी लागली. तेथे निदान संघटना होती, करार होता, इतिवृत्त होते. म्हणून लबाडी उघडकीस तरी आली.

आमच्याकडे हिशेबाची अशी वहीच नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद ज्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांनी उभे केले, त्या सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांना संगीतकारांच्या चाली स्वरलिपीत बांधण्याचे श्रेय कितीसे मिळाले? गोन्साल्विस यांनी १९५८ साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारण्याचे धाडस केले. ते टिकले नाही. मागच्या रांगेतील व्हायोलिनवाल्याचे तर नावही पडद्यावर येत नसे. ध्वनिमुद्रणाचा रोज हातात पडला की व्यवहार संपला. संघटनेने वादकांच्या श्रेणी आणि दर ठरवून घेतले, हे खरे; परंतु सिंथेसायझर आल्यावर वादकांची गरजच घटू लागली, तेव्हा दर ठरलेले असून काय उपयोग?

२०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन कलाकारांस स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. पण त्याच दुरुस्तीत एक पाचर आहे. चित्रपटात ज्याची कामगिरी प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो कायद्याने कलाकार धरला जात नाही. त्याच्या कामगिरीची विकृती झाल्यास तक्रार करण्यापुरताच काय तो अपवाद. नाव द्यावयाचे की नाही हे ठरविणार निर्माता, आणि नाव दिले नाही या प्रथेचा फायदाही त्यालाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातलाच हा प्रकार. गोव्याच्या आणि कोकणच्या खासदारांनी हे परंतुक रद्द करण्याची मागणी संसदेत मांडावी, आणि तोवर निर्मात्यांनी प्रत्येक वादकाचे नाव श्रेयनामावलीत घालावे. त्यास दोन मिनिटांहून अधिक पडदा लागणार नाही.