गळ, जाळे आणि परवाना

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन कयाधूला गढूळ पाणी आले की हिंगोलीच्या पुलापाशी एक दृश्य हमखास दिसते. बांबूच्या काठीला तंगूस बांधून, गळाला गांडूळ नाही तर कणकेची गोळी लावून, शाळकरी मुलांपासून निवृत्त कर्मचाऱ्यांपर्यंत अनेकजण काठावर बसलेले असतात. अलीकडे त्यांत परदेशी बनावटीच्या चकचकीत काठ्या घेतलेले तरुणही दिसू लागले आहेत. शहरातील जलेश्वर आणि चिरागशहा तलावांच्या काठी, आणि सुट्टीच्या दिवशी थेट सिद्धेश्वर व इसापूरच्या जलाशयांवर ही मंडळी पोहोचतात. त्यांना कोणी परवाना विचारत नाही. तो असावा लागतो किंवा नाही, याचीही बहुतेकांना कल्पना नसते.

वरवर पाहता हा विषय किरकोळ वाटेल. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे शाकाहारी आहेत. मासळीच्या परवान्याशी आपला काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या पाण्यात गळ टाकला जातो ते पाणी आणि त्यातील मासे कोणाचे, हा प्रश्न आहारापुरता मर्यादित नाही. त्याच्याशी आपल्या जिल्ह्यातील भोई समाजाच्या शेकडो चुली जोडलेल्या आहेत.

धरणे झाली, नद्यांची पात्रे आटली आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारा हा भटक्या जमातींच्या यादीतील समाज जलाशयांकडे वळला. शासनाने मच्छीमार सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने देण्याची पद्धत रूढ केली. संस्था ठेक्याची रक्कम भरते, रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत आणून पाण्यात सोडते आणि ती वाढण्याची वाट पाहत बसते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी तलावाबरोबर बोटुकलीही आटते. मराठवाड्यात हे किती वेळा घडते, ते सांगावयास नको. म्हणजे शेतकऱ्याने बी पेरावे तशी ही पेरणी आहे. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीने उचितच म्हटला पाहिजे. मग दुसऱ्याच्या शेतातील कणसे हौस म्हणून मोडून नेणे आपण जसे अनुचित मानतो, तसे ठेक्याच्या तलावातून पिशवी भरून मासे नेणे का मानत नाही?

कायदा नाही, असे मुळीच नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. तरीही उन्हाळ्यात डोहात विषारी औषध ओतणे, वरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणे हे प्रकार ग्रामीण भागात चालू राहतात. यात लहान पिल्लांपासून बेडकांपर्यंत सारा डोह मरतो. प्रसंगी आकडा टाकणाराही मरतो. त्याच्या तुलनेत गळवाला निरुपद्रवीच. एका गळाला एका वेळी एकच मासा लागतो, हे त्याच्या बाजूने मान्य केले पाहिजे.

तथापि गळाचेही एक पाप आहे, आणि ते पावसाळ्यातील आहे. आपल्या नद्यांतील बहुतेक मासे आषाढाच्या सुमारास नव्या पाण्यात अंडी घालतात. पोटात अंडी घेऊन ते प्रवाहाच्या उलट, ओढ्यांत आणि उथळ पाण्यात चढतात, आणि नेमके तेथेच आपण जाळे, टोपली, काठी घेऊन उभे असतो. मरळ माशाची गोष्ट तर अधिक करुण आहे. मरळ आपल्या पिल्लांची राखण करतो. तांबूस रंगाच्या शेकडो पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी हलत असतो आणि त्याखाली मोठा मासा पहारा देत असतो. जाणकार गळवाला हा तांबडा थवा पाहूनच गळ टाकतो, कारण पिल्लांजवळ आलेल्या वस्तूवर मरळ भुकेने नव्हे, रक्षणासाठी झडप घालतो. तो एक मासा काढला की राखणदार नसलेली सारी पिल्ले तास-दोन तासांत इतर माशांच्या पोटात जातात. काठावरच्या माणसाच्या हिशेबी मासा एकच गेलेला असतो!

समुद्रातील यांत्रिकी मासेमारी राज्यात जून-जुलै हे दोन महिने बंद असते, हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्या-तलावांनाही १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीकाळ लागू आहे. आपल्याकडील अनेक मत्स्याहारी घरे श्रावण कटाक्षाने पाळतात. मात्र श्रावण लागण्यापूर्वी आषाढ अमावास्येला, जिला दीपपूजनाचा दिवस विसरून ‘गटारी’ असे हीन नाव दिले गेले आहे, जो सपाटा लावला जातो तो माशांच्या ऐन विणीच्या दिवसांतच. व्रताचा हेतू जीवदयेचा असेल तर त्याचा आरंभ महिनाभर अलीकडे ओढावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आपल्या परंपरेत याचा विचार झालेला नाही असे नाही. कौटिल्याने जलाशयातील माशांवर राजाचे स्वामित्व सांगितले आणि मासेमारांकडून सहावा भाग घेण्याची तरतूद केली. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासी पौर्णिमा आणि काही ठराविक तिथींना मासे मारू नयेत व विकू नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. आणि राजाज्ञेवाचूनही समाजाने पाणी राखले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे ग्रामस्थ डोहातील मासे देवीचे मानतात. तेथे त्यांना कोणी हात लावत नाही. उलट भाविक त्यांना कुरमुरे घालतात.

परदेशात हौशी गळवाल्यांसाठी निश्चित व्यवस्था आहे. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांवरील प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. सोळा वर्षांपर्यंत तो विनामूल्य असतो. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळबंदी असते. न्यूयॉर्क शहराच्या उद्यानांतील तळ्यांवर गळ टाकता येतो, पण लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. अमेरिकेत १९५० च्या कायद्यान्वये मासेमारीच्या साहित्यावरील कर माशांच्या संवर्धनासाठीच राज्यांना दिला जातो. आपल्याकडेही मुंबईच्या पवई तलावावर हौशी मंडळींच्या संघटनेने परवानगीची शिस्त घालून दिली आहे. म्हणजे ही कल्पना मराठी मातीला परकी नाही.

मग हिंगोलीत अडते कोठे? जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, लहान तलाव जिल्हा परिषदेचा, गावतळे ग्रामपंचायतीचे, शहरातील तलाव नगर परिषदेचा. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि काठावरचा मनुष्य निर्धास्त असतो. आणखी एक कार्यालय, आणखी एक अर्ज आणि काठावर वसुली करीत हिंडणारा आणखी एक शिपाई, एवढेच परवान्यातून निष्पन्न होणार असेल तर तो नसलेला बरा.

जेथे ठेका आहे तेथे परवाना देण्याचा अधिकार ठेकेदार संस्थेलाच द्यावा आणि शुल्क तिच्याच बोटुकलीच्या खात्यात जावे. ज्याने पेरले त्याला पाहुण्याकडून दोन पैसे मिळाले तर तो पाहुण्याचे स्वागतच करील. शिवाय सुरुंग आणि विष वापरणाऱ्यांवर नजर ठेवणारे आणखी दोन डोळे त्याला लाभतील. शहरातील तलावांवर नगर परिषदेने न्यूयॉर्कचाच नियम लावावा. मुलांना शुल्क नसावे. ओढ्या-नाल्यावर एक वेळच्या कालवणापुरता गळ टाकणाऱ्या शेतमजुराला या साऱ्यातून वगळावे, कारण त्याची ती हौस नव्हे. आषाढातील बंदी मात्र हौशी, व्यावसायिक, सर्वांना सारखीच असावी.

येत्या मृगापूर्वी जिल्ह्यातील मच्छीमार संस्थांनी एवढी एकच मागणी एकत्रितपणे जिल्हाधिकाऱ्यांसमोर मांडली तर तिला कोणत्याही पक्षाचा विरोध होण्याचे कारण नाही. तोवर आपल्या घरातील गळ घेऊन निघालेल्या मुलाला तांबडा थवा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही.