36,450 जीव आणि आपलं सत्यव्रत



चातुर्मास लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरू लागतो. 'पाण्याच्या एका थेंबात 36,450 जीव! कॅप्टन स्कोर्सबी यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजले. विज्ञानालाही आपला धर्म मानावा लागला!' खाली हात जोडलेल्यांची रांग. पाठशाळेतली मुलंसुद्धा हा आकडा तोंडपाठ म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हा निरोप पुढे पाठवणं थांबवा. उकळलेलं पाणी सोडा असं मी म्हणत नाही, ते माझ्या घरातही रोज उकळतं. पण त्याला हा टेकू नको.

आधी स्कोर्सबी कोण ते पाहू. विल्यम स्कोर्सबी (1789–1857) हा इंग्रज दर्यावर्दी खराच होऊन गेला. ग्रीनलंडच्या समुद्रात देवमासे मारायला जाणाऱ्या जहाजाचा तो कप्तान, आणि मोठा चौकस निरीक्षक. तिथल्या समुद्राचं पाणी काही ठिकाणी पिवळट-हिरवं दिसलं, म्हणून त्याने त्याचा थेंब आखलेल्या काचेवर घेतला. एका चौकोनात सरासरी 50 जीव दिसले. थेंबाखाली असे 529 चौकोन होते. आता गुणाकार घरीच करा: 26,450. दोनाचे तीन कुठे झाले, कोण जाणे! म्हणजे आपण ज्या आकड्याला 'विज्ञानाचा पुरावा' म्हणतो, तो मूळ आकडाच नाही. शिवाय हे पाणी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचं, तेही मुद्दाम रंग बदललेल्या जागेचं. वाघूर धरणाच्या किंवा नकाणे तलावाच्या पाण्याबद्दल त्यावरून काय कळणार?

कुणी म्हणेल, पंचेंद्रिय जीव मारणाऱ्याची साक्ष घ्यायचीच कशाला? तेही बरोबर नाही. माणूस शिकारी होता म्हणून त्याची मोजणी खोटी ठरत नाही. मोजणी मोजणीच्याच जागी तपासावी.

आता शास्त्राच्या बाजूनेही बघा. आपण पाण्याला अप्काय म्हणतो, म्हणजे पाणी हेच ज्यांचं शरीर आहे असे जीव, आणि ते एका थेंबात असंख्यात. स्कोर्सबीने पाहिले ते पाण्यात राहणारे जीव. हे दोन वेगळे विषय आहेत. भिंगातून अप्काय दिसल्याचा दावा त्याने केलेलाच नाही. 'असंख्यात' या शब्दावर श्रद्धा ठेवणारी बाई 36,450 वर टाळ्या वाजवते, तेव्हा तिने विज्ञानही नीट वाचलेलं नसतं आणि नवतत्त्वही.

असं बोललं की लगेच ऐकवलं जातं, 'शंका हा सम्यक्त्वाचा अतिचार आहे.' आहेच. पण ती शंका जिनवचनाबद्दलची. मोबाईलवर आलेला निरोप जिनवचन कधी झाला? उलट दुसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत मृषा-उपदेश आहे. प्रतिक्रमणात आपण त्याचं मिच्छामि दुक्कडं देतो, आणि घरी येऊन न तपासलेली गोष्ट दोनशे जणींना पाठवतो. अनेकांताचंही असंच. 'प्रत्येकाचं आपापल्या जागी खरं' इतका स्वस्त तो नाही. कोणत्या अपेक्षेने खरं, हे सांगावं लागतं. 26,450 आणि 36,450 दोन्ही एकाच अपेक्षेने खरे असू शकत नाहीत.

आकड्याच्या चुकीने कुणाचं काही बिघडत नाही, असं वाटत असेल तर पर्युषणातला दुसरा निरोप आठवा. 'उपवासाने कॅन्सर बरा होतो, या शोधाला नोबेल मिळालं!' 2016 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं हे खरं. पेशी आपलेच जुने, निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात, ती क्रिया कशी चालते हे त्यांनी उलगडलं. मुख्य प्रयोग केले यीस्टवर, पाव फुगवणाऱ्या त्या बुरशीवर, तिला उपाशी ठेवून. माणसाचा कॅन्सर उपवासाने बरा करून दाखवल्याबद्दल ते पारितोषिक नव्हतं.

या निरोपाने जीव जाऊ शकतो. आपल्या प्रत्येक मंडळात साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बायका आहेत. इन्सुलिन आणि काही गोळ्या घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, शुद्ध हरपते. आणि 'नोबेलवाल्यांनी सांगितलंय' म्हणून औषधच बंद केलं तर साखर वर जाते. अठाई करायची असेल तर कर्मनिर्जरेसाठी करा, आणि डॉक्टरांना आधी विचारून करा. तपाला यीस्टचं प्रशस्तिपत्र लागत नाही.

पुण्याहून सुट्टीला आलेल्या आपल्या लेकरांनाही दोन शब्द. एक निरोप खोटा निघाला म्हणून 'तुमचं सगळंच थोतांड' म्हणणं हा आळसच झाला, फक्त उलट्या बाजूचा. टायफॉईड, कॉलरा, कावीळ पाण्यातून पसरते आणि पाणी खळखळून उकळलं की ते जंतू मरतात, याला भक्कम पुरावा आहे. त्यासाठी स्कोर्सबीची गरज नाही. तसंच, उकळल्याने पाण्यातले क्षार जात नाहीत, हेही तितकंच खरं. बोअरचं खारं पाणी उकळूनही खारंच राहतं. जेवढा पुरावा, तेवढंच बोलावं.

भाजी घेताना आपण वांगं उलटून-पालटून बघतो. सोनं घेताना कस लावल्याशिवाय जळगावची बाई पेढीची पायरी उतरत नाही. मग डोक्यात शिरणारी गोष्टच तेवढी न पारखता का घ्यायची? चार प्रश्न पुरेत: हे कुणी पाहिलं? कुठे आणि कशावर पाहिलं? आकडा मूळचा तोच आहे का? आणि त्यातून आपण म्हणतो तेच सिद्ध होतं का? उत्तर मिळालं नाही तर निरोप आपल्यापाशीच थांबवायचा.

या चातुर्मासात हरी भाजी सोडण्याचे, रात्रीभोजन सोडण्याचे पच्चक्खाण घ्याल, तेव्हा आणखी एक घ्या: न तपासलेलं पुढे पाठवणार नाही. उपाशीही राहावं लागत नाही यात.