फैजाबादचा पराभव

1948 सालच्या मार्चमध्ये नाशिक येथे समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा ठराव केला आणि त्याच्या पाठोपाठ आचार्य नरेंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील आपल्या जागांचे राजीनामे दिले. त्यामुळे झालेल्या फैजाबादच्या पोटनिवडणुकीत आचार्य सुमारे तेराशे मतांनी पडले. काँग्रेसतर्फे निवडून आले ते मूळचे पुण्याचे बाबा राघवदास. यावर आक्षेपकांचे म्हणणे असे की, कायदा राजीनामा मागत नव्हता, सभागृहाची मुदत शिल्लक होती, आणि असा व्यासंगी पुरुष विरोधी बाकावर बसता तर सभागृहाचेच हित झाले असते.

यांतील शेवटचा मुद्दा वजनदार आहे. नगरच्या किल्ल्यात नेहरूंसमवेत बंदिवास भोगलेल्या, बौद्ध दर्शनात पारंगत असलेल्या या पंडिताची उणीव कोणत्याही सभागृहास भासावी. तथापि 1946 साली मतदाराने मत दिले ते काँग्रेसच्या उमेदवाराला. ज्या धन्याच्या नावे मुखत्यारपत्र मिळाले त्याची चाकरी सोडल्यावर त्याच कागदाच्या बळावर सह्या करीत राहण्याचा हक्क मुखत्यारास, तो कितीही विद्वान असला तरी, उरत नाही.

पराभवाने राजीनामा चुकीचा ठरला, हा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. त्या निवडणुकीत जमीनदारीच्या प्रश्नापेक्षा आचार्य शेंडी ठेवतात की नाही, रामाला मानतात की नाही, याचीच चर्चा अधिक झाली, आणि ज्या भूमिहीनांसाठी ते झिजले त्यांतील बहुतेकांना त्या काळच्या मर्यादित मताधिकारात मतच नव्हते. हा प्रचार मला निंद्य वाटतो. परंतु मतदाराकडे कौल मागण्यास जो जातो तो नकार ऐकण्याची तयारी ठेवूनच जातो, आणि जिंकण्याची खात्री असेल तेव्हाच जागा सोडणे याला सदाचार म्हणता येत नाही.

आचार्यांनी आपखुशीने जे केले ते न करणाऱ्यांसाठी 1985 साली पक्षांतरबंदीची 52वी घटनादुरुस्ती करावी लागली. तीतही पळवाट राहिलीच: विधिमंडळ पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणास संमती दिली की मतदारास न विचारता त्यांच्या जागा शाबूत राहतात. एकट्याने केले तर अपात्रता आणि जमावाने केले तर मुभा, हा न्याय नव्हे. संसदेने ही सवलत रद्द करावी, आणि पक्ष सोडणाऱ्या प्रत्येकास पुन्हा आपल्या मतदारसंघात उभे राहावयास लावावे.